काम तिसऱ्या परिच्छेदात

पेपर हातात आला की उमादेवी मॅडम आधी शेवटचं पान वाचायच्या. मग पहिलं.

गुण आधी शिसपेन्सिलीनं टाकायच्या. त्यावर पेन दुसऱ्या दिवशी फिरवायच्या.

पेन चालतं का बघायला आपण रेघोट्या ओढतो. त्या कन्नडात 'नीरु' लिहायच्या. नीरु म्हणजे पाणी. त्यांच्या प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर पाणीच पाणी असायचं.

एसटीचं तिकीट पुस्तकात खूण म्हणून ठेवायच्या. मशीनच्या तिकिटावरची शाई उडते. कोरं झालेलं तिकीटही टाकायच्या नाहीत.

चहा बशीत ओतायच्या आणि बशी समोरच्याकडं सरकवायच्या. स्वतः कपातलं उरलेलं प्यायच्या.

जुने विद्यार्थी त्यांना हजेरी क्रमांकानं आठवायचे. लोहाऱ्याच्या स्टँडवर एकदा पिकल्या मिशांचा कंडक्टर समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी सतरा." त्या म्हणाल्या, "सतरा, तुझं अक्षर सुधारलं का रे?"

आणि दारात आलेल्या माणसाला काम विचारायच्या नाहीत. "मदल नीर कुडी," म्हणायच्या. आधी पाणी पी. पाणी झालं की चहा. चहा झाला की आईची तब्येत, भावाचं लग्न, शेतातली तूर. माणूस उठायला लागला की मग, "बरं, काय काढलं होतंस?"

मॅडम गेल्या त्याला आज एकवीस दिवस झाले. मी हे आठवेल तसं लिहून ठेवतो आहे. दुसरं काही सुचत नाही.

मी ईट गावचा. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं. धाराशिवला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. मॅडम सत्तावन्न वर्षांच्या होत्या, मी सव्वीसचा. याला मैत्री म्हणताना जीभ अडखळते, पण दुसरा शब्द नाही. त्यांचं माहेर आळंदकडचं. घरी कन्नड. लग्न होऊन लोहाऱ्यात आल्या तेव्हा मराठी शिकल्या. इंग्रजी पुस्तकांतून शिकल्या होत्या, एकट्यानं. तीस वर्षं त्यांनी माकणीजवळच्या एका शाळेत तेच शिकवलं.

आमची ओळख तुळजापुरात झाली. देवीमुळं नाही, पेपरांमुळं.

सोलापूरची एक संस्था आमच्या जिल्ह्यातल्या मुलांची इंग्रजी लेखनाची परीक्षा घेते. जानेवारीत एकदा, ऑगस्टमध्ये एकदा. नऊपैकी सहा मिळाले की पुण्यात सहा महिन्यांचं प्रशिक्षण, राहायची सोय, आणि पुढं बहुतेकांना नोकरी. वयाची अट अठ्ठावीस. तपासणीला तुळजापुरातल्या एका लॉजचा हॉल घेतात. सोलापूरच्यांना जवळ, आम्हालाही फार लांब नाही. आम्ही बारा जण तपासायला. खिडकीखाली परडी-कवड्यांची दुकानं. दिवसभर संबळ वाजत असते आणि आम्ही इंग्रजी वाचत असतो.

सकाळी प्रत्येकाला एक तक्ता मिळतो. उद्देश, मांडणी, शब्द, व्याकरण असे चार रकाने, प्रत्येकाला नऊपैकी गुण, शेवटी चारींची सरासरी. कशाला किती गुण, कशाचे किती कापायचे, ते त्यात असतं. संध्याकाळी तक्ते मोजून परत घेतात. बाहेर कुणाला सांगणार नाही अशी पहिल्या दिवशीच सही घेतात. प्रत्येक पेपर दोघं तपासतात. दोघांत फार फरक पडला तर दोघांनी बोलून मिटवायचं. नाही मिटलं तर समन्वयक रणधीर सर ठरवतात. मुलाच्या मोबाइलवर फक्त आकडा जातो. साडेचार. पाच. का, ते जात नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी पहिली जानेवारी होती. जेवण झाल्यावर सोलापूरच्या एका मॅडमनी पेपर वर धरला आणि वाचून दाखवला. वाक्य इंग्रजीत होतं. मराठीत साधारण असं: "आपण व आपलं कुटुंब सुखरूप असाल अशी आशा. इकडं आमचं धरण भरलं आहे आणि पिकं हसत आहेत."

"हा अकरावा," त्या म्हणाल्या.

"अहो, लोहारा तालुक्यात टँकर चालू आहेत सध्या," कुणीतरी म्हणालं. "आणि यांचं धरण भरलेलंच!"

"एवढं पाणी असेल तर सोलापूरला सोडा म्हणावं," मी म्हणालो.

हॉल हसला. नवीन माणूस होतो, बरं वाटलं. अशा पेपरांना तिथं नावच पडलं होतं, धरणाचे पेपर. तक्त्यात दोन गोष्टी होत्या. पाठ केलेला मजकूर शब्दसंख्येत धरायचा नाही. आणि पत्राचं काम पहिल्या परिच्छेदात आलं नसेल तर उद्देशाला चारच्या वर जायचं नाही, फक्त उद्देशाला. बाकीचे तीन रकाने मोकळे होते. पण खोलीत त्याचं एवढंच उरलं होतं: धरण दिसलं की सरसकट चार द्या आणि पुढचा घ्या. मीही तसंच केलं. पान उलटायची गरज पडायची नाही.

मॅडम माझ्या समोर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. बशी माझ्याकडं सरकवली. "पी. गार होईल," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या तिन्ही तपासण्यांना आम्ही शेजारी बसलो. संध्याकाळी तुळजापुरातच नळदुर्गच्या फाट्यापर्यंत चालत जाताना त्या मला पुस्तकांबद्दल विचारायच्या. मी खूप बोलायचो. त्या ऐकायच्या.

या जानेवारीत एका पेपरवर माझे चार पडले, त्यांचे सात.

"मॅडम, धरणाचा आहे हा," मी म्हणालो.

"शेवटचं पान वाचलास?"

"गरज नाही ना. तक्त्यात..."

"तक्ता मला पाठ आहे. तू वाच."

मी वाचलं. विषय होता, मागवलेली वस्तू बिघडलेली आली, कंपनीला पत्र लिहा. पहिले दोन परिच्छेद नेहमीचे. धरण, पिकं, कुटुंब सुखरूप. तिसऱ्यात शिलाई मशीन होतं. चाक फिरतं पण सुई खाली येत नाही. पुढं एक वाक्य होतं: माझी आई रोज त्या मशीनसमोर बसते, न बोलणाऱ्या पाहुण्यासमोर बसावं तशी. इंग्रजी साधं होतं, चुकाही होत्या दोन-चार. पण ते वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "पण मॅडम, काम तिसऱ्या परिच्छेदात आहे."

"मग कुठं असणार? कुणाच्या दारात जाऊन आधी काम सांगतोस काय तू?"

"मी नाही सांगत. पण इंग्रजीत सांगतात."

"ते या पोरीला कुणी सांगितलंय?"

पेपरवर नाव नसतं, नुसता क्रमांक. ही पोरगीच आहे हे आम्ही शिलाई मशीनवरून धरलं होतं. मॅडम बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिल्या. मग खिडकीकडं बघत म्हणाल्या, "कृष्णराज, ते वाक्य माझं आहे."

"कुठलं?"

"धरणाचं."

नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी दहावीला पत्रलेखन घेतलं. गाईडमधल्या पत्रांत लंडन होतं, बर्फ होता. मुलांना ते आपलं वाटेना. म्हणून मॅडमनी स्वतः एक नमुना लिहिला. त्या वर्षी धरण खरंच भरलं होतं. मुलांना सांगितलं, पत्र म्हणजे एखाद्याच्या घरी जाणं. आधी पाणी, मग काम. मुलं खूश झाली. वीसपैकी वीस जण पास. पुढच्या वर्षी नमुना शेजारच्या शाळेत गेला. मग शिकवणीवाल्यांनी घेतला. मग झेरॉक्सची दुकानं आली. तालुकाभर त्याला 'मॅडमचं पत्र' म्हणतात. कुठल्या मॅडमचं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही.

"मीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "आणि मीच इथं बसून त्याचे गुण कापते. तीन वर्षं झाली. मी पण चारच द्यायची रे. पहिलं वर्षभर मी पण चारच दिले."

पाण्यावरचा तो माझा विनोद मला आठवला. त्यांनी तो काढला नाही. कधीच काढला नाही.

आमचं मिटलं नाही. मी सहावर आलो, त्या सातवर राहिल्या. माझे आधीचे चार कागदावर पेनानं पडलेले होते, आणि दोघांचा एकच आकडा ठरल्याशिवाय ते बदलता येत नाहीत. पेपर रणधीर सरांकडं गेला. त्यांनी वरचं पान पाहिलं आणि पाच दिले.

मे महिन्यात निकाल लागला. त्या रविवारी मी लोहाऱ्याला मॅडमच्या घरी होतो. दारात एक मुलगी आली. शिवांजली, माकणीची. मॅडमची जुनी विद्यार्थिनी, हजेरी क्रमांक एकतीस. झेरॉक्सच्या दुकानात काम करते. मॅडमनी तिला पाणी दिलं. चहा दिला. आईचे गुडघे कसे आहेत, विचारलं.

"गुडघं हायेत तसंच," ती म्हणाली. "मशीन आलंय शिवायचं, त्येबी बिघडलेलंच आलं हुतं. त्याच्यावरच लिव्हलं म्या परीक्षेत. आयतंच घावलं."

मी कप खाली ठेवला. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "काय काढलं होतंस?"

"चार डाव बसले मॅडम. साडेचार, पाच, पाच, पाच. आता ऑगस्टला बसले की संपलं. सप्टेंबरात अठ्ठावीस पुरी." ती एका दमात बोलत होती, पण रडवेली नव्हती. थकलेली होती. "तुमी तपासायला जाता म्हणं. मला गुण वाढवून नगं. काय चुकतंय तेवढं सांगा. चूक तरी कळू द्या की माणसाला."

मॅडम पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

"तुमचं पत्र तर तोंडपाठ हाय मला," शिवांजली म्हणाली. "दुकानात रोज धा जणांला काढून देते. एक अक्षर हिकडचं तिकडं न्हाय."

ती गेल्यावर मी म्हणालो, "मॅडम, सांगून टाकायचं ना. एका वाक्याचं काम आहे."

"एकीला सांगितलं तर ती चोरी," त्या म्हणाल्या. "दुकानातनं जे रोज दहा जण घेऊन जातात, त्यांना कोण सांगणार? सगळ्यांना सांगितलं तर ते शिकवणं."

त्यांनी तिथूनच रणधीर सरांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं.

"सर, घरी सगळे बरे ना? आईंचं ऑपरेशन झालं का?"

"झालं झालं मॅडम. बोला ना."

"धाकटा कितवीला गेला?"

"नववीला. मॅडम, मी जरा गाडीवर आहे."

"हं. मग नंतर करू का?"

मी हातानं खूण केली, बोला. त्या बोलल्या. तो तक्ता मुलांना परीक्षेच्या आधी द्यावा. निकालासोबत चारही रकान्यांचे गुण वेगळे कळवावेत. आणि धरण दिसलं म्हणून पान न उलटता गुण देऊ नयेत, कारण तसं तक्त्यात कुठंही नाही.

रणधीर सर वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना तक्ता दिला तर सगळे त्याप्रमाणंच लिहितील. मग परीक्षा कसली?"

"सर, त्याप्रमाणं लिहिता यावं म्हणूनच परीक्षा ना? नाहीतर मग आपण इंग्रजी तपासतो का, पोरं अंदाज कसा बांधतात ते?"

पलीकडं गाड्यांचे आवाज येत होते.

"तुम्ही लेखी द्या," सर म्हणाले. "एक जुलैला समितीची बैठक आहे. पत्र आलं तर विषय घेतो. तोंडी सांगितलेलं तिथं चालत नाही. आणि इंग्रजीत द्या, दोन सदस्य बाहेरचे आहेत."

फोन ठेवल्यावर मॅडमचे पती महालिंगप्पा आतून म्हणाले, "आता मास्तरीणबाई पत्र लिव्हणार म्हंजे दिवाळी येती बघा."

"तुम्ही गप्प बसा हो," मॅडम म्हणाल्या. पण हसल्या.

मी म्हणालो, मी लिहून देतो. दहा ओळींचं काम आहे, तुम्ही सही करा.

"नको रे. माझं वाक्य मीच परत घेते."

जूनमध्ये दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाल्या, चालू आहे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "सुरुवात जमत नाही." मला गंमत वाटली. तीस वर्षं पत्रलेखन शिकवलेली बाई. मी काहीतरी चेष्टा केली. काय केली ते आता आठवत नाही.

चोवीस जूनला सकाळी लोहाऱ्याच्या स्टँडवर माकणीच्या गाडीची वाट बघताना त्या बाकावर बसल्या आणि कलंडल्या. सतरा नंबरचा कंडक्टर तिथंच होता. त्यानं उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. फोन ठेवून मी उरलेला तास घेतला. का घेतला, सांगता येत नाही. काय शिकवलं तेही सांगता येत नाही.

दुपारी लोहाऱ्यात पोचलो. त्यांच्यात बसवून माती देतात. मॅडमना दारातल्या खुर्चीवर बसवलं होतं, कपाळाला विभूती, मान किंचित एका बाजूला. कुणी आलं की विचारपूस करायला बसाव्यात तशा. शिवांजली भिंतीला टेकून उभी होती. आलेल्या बायकांना पाणी देत होती.

एक जुलैला समितीची बैठक झाली. पत्र नव्हतं, त्यामुळं विषय नव्हता. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली, असं रणधीर सरांनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, तक्त्याचं काय? ते म्हणाले, "आता डिसेंबरात बघू. तुम्ही लेखी द्या."

परवा मी पुन्हा लोहाऱ्याला गेलो. आधी माकणीला उतरलो. शिवांजली दुकानात होती. मशीनमधून कागद बाहेर पडत होते. वरच्या कागदावर धरण भरलेलं होतं.

तिनं मला पाणी दिलं. मी ग्लास हातात धरला आणि न पिताच बोललो. "शिवांजली, काम आधी लिही. पहिल्या ओळीत. पाठ केलेलं काही लिहू नकोस."

"आधी? म्हंजे दारातच?"

"दारातच."

"आन इच्यारपूस?"

"नाही लिहिली तरी चालते."

"एवढंच हुतं व्हय?"

"एवढंच."

तिनं मशीन बंद केलं. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाहेर सांगणार न्हाय म्हणून तुमी सही केलीया न्हवं? मॅडम म्हणल्या हुत्या."

"केली आहे."

"मॅडमनी बी केली हुती." ती कागदांचा गठ्ठा सरळ करत होती. "ह्ये धा जण न्ह्यायला येतील आता. त्यांला काय सांगू?"

याचं उत्तर मॅडमनी मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं. मी एकीलाच सांगितलं होतं. पाणी प्यायलो आणि निघालो.

लोहाऱ्यात महालिंगप्पांनी मला एक वही दिली. "तुमच्यासाठीच असंल," म्हणाले. "महिनाभर लिव्हत हुती. मी इच्यारलं तर म्हणायची, अजून आत गेले नाही, दारातच हाय."

मागच्या पानावर नेहमीप्रमाणं नीरु, नीरु, नीरु. पुढं पत्राचे मसुदे. सात. पहिल्या सहांची सुरुवात सारखीच. आपण व समितीचे सर्व सदस्य आणि आपली कुटुंबं सुखरूप असाल अशी आशा. सहाही वेळा त्यावर आडवी रेघ. एका ठिकाणी रेघ मारून खाली तेच वाक्य पुन्हा लिहिलेलं.

सातवा मसुदा स्वच्छ अक्षरात आहे. तारीख तेवीस जून. पहिल्या परिच्छेदात समितीच्या प्रकृतीची चौकशी आहे. रणधीर सरांच्या आईचं ऑपरेशन नीट झालं याचा आनंद आहे. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे: इकडं यंदा धरणात एक तृतीयांश पाणी आहे, पेरण्या थांबल्या आहेत. तिसरा परिच्छेद नाही. त्याची जागा सोडलेली आहे, आठ-दहा ओळींची. तिथं समासात पेन्सिलीनं मराठीत लिहिलं आहे, 'काम वर घ्यायचं'. आणि त्या रिकाम्या जागेपासून पानाच्या पहिल्या ओळीपर्यंत एक बाण काढला आहे. पेन्सिलीचा. त्यावर पेन फिरवायचं राहिलं आहे.